प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नदीचा हिशोब मागा

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद

विषय : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची फेररचना

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

पाण्यात ऑक्सिजन आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली नदीच्या पाण्याने काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात मँगनीज सल्फेटचे द्रावण सोडायचे, मग अल्कली-आयोडाइडचे, आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसू लागतो. नसेल तर साका पांढराच राहतो. रसायनशास्त्र शिकवताना मी ही बाटली वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हातात दिली. प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाला भरलेल्या बाटलीत सकाळी गडद तपकिरी रंग पाहिलेली मुले दुपारी पंचगंगेवर खाली एका बंधाऱ्याजवळ यायची आणि तिथे साका पांढरा निघायचा. मुलांना वाटायचे, आपलेच काहीतरी चुकले, रसायन खराब असेल, थेंब कमी पडले असतील. मग ती दुसरी बाटली भरायची. तीही पांढरीच. त्यानंतर घाटावर कोणी फारसे बोलायचे नाही.

त्या वेळी एखादा विद्यार्थी हमखास विचारायचा, "मॅडम, याला जबाबदार कोण?" नोकरीत होते तोवर मला त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. निवृत्तीनंतर कायदा, नियम आणि निकाल वाचत बसले, तेव्हा कळले की उत्तर नसणे हीच या व्यवस्थेची मुख्य अडचण आहे. राज्यात प्रत्येक कारखान्याच्या संमतीपत्रावर, म्हणजे कारखाना चालवून सांडपाणी सोडायच्या परवानगीवर, कोणाची तरी सही असते. नदीच्या एखाद्या पट्ट्यातला ऑक्सिजन संपला तर ज्याला उत्तर द्यावे लागेल असे पद मात्र कुठेच नाही. हे पत्र तेवढ्यासाठी लिहिते आहे. तुमच्याकडेच लिहिते, कारण मंडळ या विधिमंडळाने जन्माला घातले आहे आणि त्याला बदलण्याच्या बऱ्याच किल्ल्या अजून तुमच्या हातात आहेत.

या सभागृहांचा या विषयातला इतिहास अभिमानाचा आहे. केंद्राचा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९७४ सालचा. त्याच्या पाच वर्षे आधी, १९६९ साली, महाराष्ट्राने स्वतःचा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. १ जून १९८१ पासून आपण केंद्राचा कायदा स्वीकारला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ हे मंडळ काम करते आहे. या काळात नद्यांचे काय झाले ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांत आहे. २०१८ साली देशात प्रदूषित नदीपट्टे ३५१ होते, त्यांत महाराष्ट्राचे ५३. २०२२ च्या अहवालात देशातले पट्टे ३११ वर आले, आपले मात्र ५५ झाले. दोन्ही वेळा महाराष्ट्र पहिला. आपल्याकडे तपासणीची ठिकाणे बरीच आहेत, म्हणून दोषही अधिक दिसतात, असे काही जाणकार म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. पण ज्याची तपासणी अधिक होते त्या रोग्याला औषधही लवकर मिळायला हवे होते.

आता मुद्द्यावर येते. मंडळाच्या कामाचे मोजमाप कशात होते? किती संमतीपत्रे दिली, किती नूतनीकरणे झाली, किती कारणे दाखवा नोटिसा निघाल्या, किती बँक हम्या जप्त केल्या. यातला एकही आकडा नदीत उतरून पाहिलेला नाही. हे सगळे उत्तम चालूनही नदी मरू शकते, आणि कशी ते साध्या गुणाकाराने दाखवता येते.

समजा एका नदीकाठी दहा कारखाने आहेत. प्रत्येक जण रोज दहा लाख लिटर सांडपाणी सोडतो आणि प्रत्येकाच्या पाण्याचा बीओडी लिटरला बरोबर तीस मिलिग्रॅम आहे, म्हणजे संमतीपत्रातल्या मर्यादेच्या आत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. प्रत्येक कारखाना रोज तीस किलोचा बोजा नदीत टाकतो, दहा मिळून तीनशे किलो. आता उन्हाळ्यातली नदी घ्या, सेकंदाला एक घनमीटर वाहणारी, म्हणजे दिवसाला आठ कोटी चौसष्ट लाख लिटर. ती वरून अगदी निर्मळ आली असे धरले, तरी या दहांचे पाणी मिसळल्यावर तिचा बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर जातो. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा तीनच आहे. दहाही कारखान्यांचे कागद स्वच्छ आणि नदी मात्र नापास. त्यात अकराव्याचा अर्ज आला तर त्यालाही संमती मिळते, कारण त्याचेही पाणी तीसच्या आत असणार असते. आणि प्रत्यक्षात नदी वरून निर्मळ येत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी जागीच थांबते. मग ते वाहते पाणी राहतच नाही, साठलेले डबके होते. जूनच्या पहिल्या पावसात हीच घाण ढवळून निघते आणि बंधाऱ्यांखाली मेलेल्या माशांचा खच पडतो. दरवर्षी बातमी येते, दरवर्षी नमुने घेतले जातात.

हा गुणाकार मी नव्याने शोधलेला नाही. १९७४ चा कायदा लिहिणाऱ्यांना तो ठाऊक होता. कलम १७ मध्ये राज्य मंडळाची कामे दिली आहेत. त्यातला (के) खंड सांगतो की एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानके ठरवताना त्या प्रवाहात कोरड्या ऋतूत कमीत कमी किती पाणी असते आणि सांडपाणी मिसळल्यानंतर तो प्रवाह किती प्रदूषण सहन करू शकतो, हे पाहावे. कायद्याने नदीपासून मोजायला सांगितले आणि आपण नळापासून मोजत बसलो. पन्नास वर्षांत हे कलम प्रत्येक नदीला लावले असते तर कुठल्या काठावर किती उद्योग पेलतील, कोणत्या शहराने किती मैलापाणी शुद्ध केल्याशिवाय पुढे वाढू नये, हे आधीच ठरलेले असते.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी मागणी ही की मंडळाची जबाबदारी नदीच्या पट्ट्यावर ठरवा. आज कार्यालये जिल्ह्यांप्रमाणे वाटली आहेत, नदी जिल्हे ओलांडून जाते. इंद्रायणी आणि मुळा-मुठा यांचे पाणी भीमेतून पंढरपूरला पोहोचते, तेव्हा ते वाटेत कितीतरी कार्यालयांच्या हद्दी ओलांडून गेलेले असते, आणि प्रत्येक कार्यालय आपापल्या हद्दीतल्या फायलींपुरते निर्दोष असते. प्रदूषित म्हणून जाहीर झालेल्या प्रत्येक पट्ट्याला एक अधिकारी नेमा. त्या पट्ट्याची वहनक्षमता किती, म्हणजे तो किती घाण पेलू शकतो, आज तिथे बोजा किती, तो कोणाकडून येतो, वर्षभरात किती उतरला, याची एक वही त्याच्याकडे असावी. नवी संमती देण्याआधी त्या वहीत जागा आहे का ते पाहावे, जागा नसेल तर संमती देऊ नये. त्या अधिकाऱ्याची बढती नोटिसांच्या संख्येवर ठरू नये, नदीतल्या ऑक्सिजनवर ठरावी.

ती वही उघडली की पहिल्याच पानावर जे नाव येईल ते कारखान्याचे नसेल, हे मला ठाऊक आहे. ते नाव नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे असेल. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. प्रक्रिया केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. उरलेले, म्हणजे दर दहा लिटरांतले सात, जसेच्या तसे नाल्यांतून नद्यांत जाते. सर्वांत जास्त मैलापाणी तयार करणारे राज्य आपलेच, रोज ९,१०७ दशलक्ष लिटर. आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगतो, उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. या दोन्हींत घराघरातल्या मोरीचा आणि संडासाचा वाटा फार मोठा आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, माणसे दगावली. ती साथ दूषित पाण्यातून पसरली होती. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना त्यामुळे बीओडी हा शब्द पाठ्यपुस्तकातला वाटत नाही.

पण कारवाईच्या वेळी महापालिकेसमोर मंडळाचे हात थिटे पडतात. त्याच १९७४ च्या कायद्याच्या कलम ३३-अ खाली मंडळ कारखाना बंद करू शकते, त्याची वीज आणि पाणी तोडू शकते. शहराची वीज कशी तोडणार? दंड लावला तर तो घरपट्टीतूनच भरला जातो. म्हणजे ज्याच्या नळाला घाण पाणी येते त्याच नागरिकाच्या खिशातून. प्रशासनात कोणालाही त्याची झळ बसत नाही. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मंडळाची रचनाच. कलम ४ प्रमाणे राज्य मंडळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांमधून पाच जणांपर्यंत घेता येतात, शिवाय राज्य सरकारचे पाचपर्यंत अधिकारी आणि सरकारी कंपन्यांचे दोन प्रतिनिधी. शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार आणि बाकी सगळ्यांसाठी मिळून जास्तीत जास्त तीन जागा. मासे पकडून जगणाऱ्याला उद्योगपतीबरोबर एकाच रांगेत उभे राहून जागा मागावी लागते. ज्या संस्था नदीत सर्वाधिक मैला सोडतात त्यांना नदीच्या रखवालदारांत बसवणे हा दोष कायद्यातच आहे. तो पूर्ण काढायला संसद लागेल. पण पाच ही कमाल मर्यादा आहे, तेवढ्या जागा भरल्याच पाहिजेत असे नाही. आणि आपल्या शहराचा विषय निघाला की त्या सदस्याने बैठकीतून उठून जावे, हा नियम आपल्याला आजही करता येतो.

शहरांसाठी माझ्या मते खरी वेसण एकच आहे, बांधकाम परवानगी. ज्या शहराचे मैलापाणी प्रक्रिया केंद्र भरून वाहते आहे किंवा बंद पडलेले आहे, तिथे नव्या गृहप्रकल्पांना भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी प्रदूषण मंडळाच्या पट्टा अधिकाऱ्याचे "या नाल्यात जागा आहे" असे लेखी पत्र बंधनकारक करा. जागा नसेल तर इमारत थांबेल. मग बिल्डर, नगरसेवक, आयुक्त, घर घेणारा असे सगळेच केंद्र सुरू व्हावे म्हणून धावतील. आज ते कोणालाच तातडीचे वाटत नाही. हे कठोर आहे आणि घर मिळण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना त्याचा त्रास होईल, याची मला जाणीव आहे. पण आज त्या त्रासाची पूर्ण किंमत खालच्या गावातली माणसे मोजत आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेलेसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात शहरांच्या मैलापाणी केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घातली होती. ती मुदत कधीच उलटून गेली.

मंडळाच्या प्रमुखपदांविषयी थोडक्यात लिहिते, कारण यावर आधीच खूप लिहिले गेले आहे. अध्यक्षाला पर्यावरण रक्षणाचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असावा असे कायदा म्हणतो, पण लगेच पुढे अशा विषयांच्या संस्थांचे प्रशासन केलेली व्यक्तीही चालेल अशी वाट मोकळी ठेवतो. शिवाय अध्यक्ष पूर्णवेळ असलाच पाहिजे असेही नाही. सदस्य सचिवासाठी वैज्ञानिक, अभियांत्रिकी "किंवा व्यवस्थापकीय" अनुभव पुरतो. या एका "किंवा"मधून देशभरातल्या मंडळांत किती नेमणुका झाल्या असतील! १९८४ ची भट्टाचार्य समिती आणि १९९० ची बेलिअप्पा समिती यांनी मंडळांची रचना आणि भरती सुधारण्याच्या शिफारशी केल्या होत्या. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा महिन्यांत नेमणुकांचे नियम करायला सांगितले. माझी विनंती एवढीच की अध्यक्ष पूर्णवेळ हवा, जाहिरात देऊन आणि शास्त्रज्ञ असलेल्या निवड समितीकडून निवडलेला हवा, आणि मुदतीआधी त्याला हलवायचे असेल तर त्याचे कारण सभागृहात सांगावे लागावे. पक्ष कोणता सत्तेत आहे याने या मागणीत फरक पडत नाही.

खाली काम करणाऱ्यांविषयी मात्र मला सविस्तर बोलायचे आहे. माझे काही विद्यार्थी अशा मंडळांत आणि प्रयोगशाळांत नोकरीला आहेत. आळशी किंवा बेईमान माणसे भरली आहेत म्हणून नद्या मरतात, असा जो समज आहे तो मला खरा वाटत नाही. क्षेत्र अधिकाऱ्याचा दिवस पाहा. संमतीपत्राचे अर्ज तपासायचे, जागेवर जाऊन पाहणी करायची, तक्रार आली की धावायचे, न्यायालयात शपथपत्रे द्यायची, हरित न्यायाधिकरणासाठी अहवाल लिहायचे, आणि या सगळ्यांतून वेळ काढून नमुने घ्यायचे. देशभरातल्या राज्य मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत. जो माणूस सकाळी कारखान्याच्या संमतीचा प्रस्ताव लिहितो त्यालाच दुपारी त्याच कारखान्यावर दक्षता नमुना घ्यायला पाठवले जाते. त्याला स्वतःच्याच शिफारशीविरुद्ध पुरावा गोळा करायला लावणे हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. परवानगी देणारा विभाग आणि तपासणी करणारा विभाग वेगळे करा. त्यांचे अधिकारी, गाड्या, वरिष्ठ, सगळे वेगळे. प्रयोगशाळा तिसऱ्याच कोणाकडे, एखाद्या विद्यापीठाकडे, असावी आणि नमुन्याच्या बाटलीवर नावाऐवजी फक्त क्रमांक असावा.

नमुन्याविषयी अजून एक. वर्षाचे तास ८,७६०. नदीचा नमुना बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा घेतला जातो, म्हणजे वर्षातले बारा क्षण. तेही दिवसाउजेडी. ज्याला चोरून पाणी सोडायचे आहे तो रात्री सोडतो, पाऊस पडताना सोडतो, लागून आलेल्या सुट्ट्यांत सोडतो. कायदेशीर नमुन्यासाठी कलम २१ ची प्रक्रिया आहे. जागेवरच नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोघांच्या सह्यांचे सील. यातले काही राहिले तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. ती प्रक्रिया न्यायाची आहे, ती राहू द्या. पण नदीच्या पात्रातला नमुना घ्यायला कोणाला नोटीस द्यावी लागत नाही. मोठ्या नाल्यांच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या तोंडाशी, वर आणि खाली, विरघळलेला ऑक्सिजन आणि विद्युतवाहकता चोवीस तास नोंदवणारे संवेदक बसवता येतात. फेब्रुवारी २०१४ मध्येच केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना असे ऑनलाइन मापन बसवायला सांगितले होते. ती यंत्रे कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या ताब्यात असतात. मी मागते आहे ती नदीच्या ताब्यातली यंत्रे. रात्री दोन वाजता ऑक्सिजन एकदम कोसळला तर दक्षता पथक कोणत्या नाल्याकडे जायचे ते जाणेल. यात त्या छोट्या उद्योजकाचाही फायदा आहे जो कर्ज काढून सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवतो, त्याचे वीजबिल भरतो, आणि शेजाऱ्याने रात्री व्हॉल्व्ह उघडला म्हणून बाजारात भावाने मार खातो. नदीच्या बाजूने बोलणे म्हणजे उद्योगाच्या विरुद्ध बोलणे, असे कोणी म्हटले की मला त्या प्रामाणिक प्रोसेसवाल्यांची, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या कारखानदारांची, आठवण होते.

पैशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. १९७७ च्या पाणी उपकर कायद्यातून मंडळांना हिस्सा मिळत असे. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, तो उपकर रद्द झाला. आता मंडळाच्या उत्पन्नाचा मोठा आधार संमती शुल्काचा आहे. जितक्या संमत्या तितके उत्पन्न. संमती नाकारणाऱ्या संस्थेने स्वतःचेच उत्पन्न कमी करावे अशी अपेक्षा कोणत्याही हिशोबात बसत नाही. शुल्क राज्याच्या तिजोरीत जाऊ द्या आणि मंडळाला अर्थसंकल्पातून, पट्ट्यांच्या गरजेप्रमाणे, तुमच्या मतदानाने रक्कम द्या. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी या सभागृहांत नदीनिहाय चर्चा होईल.

४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कलम ३३-अ खाली प्रदूषण मंडळे नुकसानभरपाई वसूल करू शकतात. हे मोठे हत्यार आहे. त्याचे नियम करताना दोन गोष्टी पाहाव्यात. भरपाईचा आकडा बोजावरून, म्हणजे किती किलो घाण किती दिवस सोडली यावरून, ठरावा, आणि वसूल झालेला पैसा त्याच पट्ट्यावर, त्याच गावांच्या पाणीयोजनांवर खर्च व्हावा. २०२४ च्या दुरुस्तीने कायद्यातल्या कैदेच्या बऱ्याच तरतुदींच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला आहे. ही दुरुस्ती राज्यांना ठरावाने स्वीकारावी लागते, म्हणजे ती तुमच्या कक्षेतली बाब आहे. पंधरा लाख ही रक्कम छोट्या प्रोसेसवाल्याला उद्ध्वस्त करणारी आणि मोठ्या कारखान्याला खर्चाच्या ताळेबंदात मावणारी आहे. भरपाईची तरतूद भक्कम नसेल तर मोठ्यांसाठी प्रदूषण करणे हे शुल्क भरून मिळणारे काम होईल.

नवे प्राधिकरण काढू नका, ही कळकळीची विनंती. २६ जुलै २००५ चा पूर आला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मिठी नदीसाठी वेगळे प्राधिकरण झाले. मिठीचे पाणी आज कसे आहे ते मुंबईच्या सदस्यांनी मला सांगण्याची गरज नाही. २००० साली राज्याने नदी नियमन क्षेत्राचे धोरण केले होते, ज्यात नदीच्या वर्गाप्रमाणे उद्योगांना अंतर ठरवून दिले होते. २००९ मध्ये ते सुधारले आणि २०१५ च्या फेब्रुवारीत रद्द केले. रद्द करताना त्याच्या जागी नदीची काळजी घेणारे दुसरे काहीही ठेवले नाही. नद्या या अशा धरसोडीने दमल्या आहेत. आहे ती संस्था नीट करा. इंग्लंडमध्ये १९७४ पासून एकाच प्रादेशिक जल प्राधिकरणाकडे मैलापाणी केंद्रे चालवणे आणि नदीवर लक्ष ठेवणे अशी दोन्ही कामे होती. १९८९ मध्ये ती तोडून राष्ट्रीय नदी प्राधिकरण वेगळे केले, तेव्हा तिथल्या नद्यांना बरे दिवस आले. पुढे देखरेखीवरचा खर्च कमी झाला, पाणी कंपन्यांनाच स्वतःचे नमुने घ्यायला दिले गेले, आणि आज तिथलेही लोक नद्यांत मैला सोडला जातो म्हणून रस्त्यावर उतरतात. रचना बदलली तरी माणसे आणि पैसा सतत लागतो, हे तिथून शिकण्यासारखे आहे.

शेवटी लोकांचा हक्क. कलम २५ प्रमाणे मंडळाने संमतीपत्रांची नोंदवही ठेवायची असते आणि संबंधित माणसाला ती पाहता येते. हा हक्क कायद्यात असून गावातल्या माणसाला माहीत नाही. ती नोंदवही मराठीत, नदीनिहाय, घाटावरच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीत लावा. शाळेतल्या मुलाला आपल्या गावाच्या वर कोण काय सोडते ते वाचता आले पाहिजे. तपासणीचा प्रत्येक अहवाल सात दिवसांत प्रसिद्ध करा, चांगला असो की वाईट. तक्रारदाराला पोच मिळावी आणि नमुना किती तासांत घेतला ते त्या पोचेवर लिहिलेले असावे.

कलम ३९ प्रमाणे मंडळाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. येत्या हिवाळी अधिवेशनात आपल्यापैकी कोणीतरी एवढेच विचारावे, की शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा ठेवला गेला, आणि त्यात प्रदूषित पट्ट्यांपैकी प्रत्येकाचा ऑक्सिजन वेगळा दिला आहे का. उत्तर आल्यावर या विषयासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडावा.

त्या समितीने बोलावले तर मी येईन. नागपुरातूनच नाग नदी वाहते. मी सहा बाटल्या आणि दोन द्रावणे बरोबर आणते, सदस्यांनी स्वतःच्या हाताने पाणी भरावे. एका बाटलीला दोन मिनिटे लागतात.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
पंचगंगा काठ, जिल्हा कोल्हापूर